घडीतला मुलूख

हिंगोली शहराच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर, हदगाव-उमरखेडच्या मुलखातून, मोजणीची एक जुनी रेषा गेली आहे. शिवारात उभं राहून ती दिसत नाही. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही साखळी उत्तरेकडे सरकत गेली. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरते. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले, त्यांची कबरही तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतलं. बिदरजवळच्या दामरगिद्द्यापासून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंतच्या टप्प्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३० मध्ये लंडनला छापला गेला. १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं उत्तर अक्षांश, अशी त्याची हद्द ग्रंथाच्या नावातच दिलेली आहे. सेनगाव तालुक्यातलं साखरा, औंढ्याचं नागनाथाचं देऊळ, कयाधूचं खोरं, किंबहुना आजचा सगळा हिंगोली जिल्हा या दोन अक्षांशांच्या दरम्यान येतो.

मोजणीच्या त्या काळच्या लिखाणात मजकूर असतो, आकड्यांचे तक्ते असतात आणि मध्येच पानापेक्षा कितीतरी मोठा कागद घडी घालून बसवलेला असतो. लॅम्ब्टन यांचे अहवाल कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या खंडांतून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्रिकोणांचे आराखडे असेच घडीत बांधले गेले. कोणत्या टेकडीवरून कोणती टेकडी न्याहाळली, साखळी कुठे रुंदावली, कुठे अरुंद झाली, हे तक्त्यांतून हुडकायला दिवस लागतील. आराखडा उघडला की ते एका नजरेत कळतं.

असे कितीतरी ग्रंथ आता मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात. मात्र मोठमोठ्या ग्रंथालयांतली पुस्तकं झपाट्यानं स्कॅन झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी घडीची पानं उघडलीच गेली नाहीत. पडद्यावर दिसते ती मिटलेल्या कागदाची पाठ, नाहीतर अर्धवट दुमडलेला एखादा कोपरा. साखऱ्यात बसून एखाद्या विद्यार्थ्यानं असा ग्रंथ उघडला, तर त्याला सगळा मजकूर वाचता येईल आणि ज्या कागदावर त्याचा मुलूख काढला आहे तेवढाच दिसणार नाही.

दुर्मीळ पुस्तकांच्या जतनात हा घडीचा कागद सर्वांत नाजूक असतो आणि सर्वांत दुर्लक्षितही. पुस्तक कपाटात शाबूत उभं असतं, पुठ्ठा धड असतो, शिलाई पक्की असते, यादीत नोंद असते. पण आतली घडी उघडायला गेलं तर कागदाचे चार तुकडे हातात येतात. म्हणून जतनाची कसोटी एकच धरायला हवी: ती घडी आज उघडता येते का, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या वाचकालाही उघडता येईल का?

गोव्यापासून वेरूळपर्यंत

पुस्तकात घडीचं चित्र घालण्याची रीत छपाईच्या पहिल्या पन्नास वर्षांतच रुळली. जर्मनीतल्या माइन्झ शहरात १४८६ मध्ये बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख यांच्या जेरुसलेम यात्रेचं पुस्तक निघालं. सोबत गेलेले चित्रकार एरहार्ड रॉयविच यांनी वाटेतली शहरं रेखाटली होती. त्यातलं व्हेनिसचं लाकूडठशाचं दृश्य उघडलं की दीड मीटरहून लांब होतं.

आपल्या किनाऱ्याचा मान १५९६ चा. यान हाउखेन फान लिन्स्खोतेन हे डच गृहस्थ १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपांचे चिटणीस होते. मायदेशी परतल्यावर ॲम्स्टरडॅमला त्यांचं ‘इतिनेरारिओ’ छापलं गेलं. त्यात गोवा शहराचा मोठा घडीचा आराखडा आहे: मांडवीचं पात्र, गल्ल्या, चर्च, बाजार. जुन्या गोव्यात आज चर्चच्या वास्तू उभ्या आहेत आणि भोवतालचं शहर जवळजवळ नाहीसं झालं आहे. त्याचे रस्ते कसे जात होते ते पाहायला हा कागद पुढ्यात घ्यावा लागतो.

घारापुरीची लेणी युरोपात बारकाईनं पोचवली ती कार्स्टन नीबुर यांनी. डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतले ते एकटेच जिवंत परतले. १७६४ मध्ये मुंबईत असताना ते तीनदा घारापुरीला गेले, त्यांनी लेणं मोजलं आणि मूर्ती रेखाटल्या. १७७८ मध्ये त्यांच्या प्रवासवर्णनाचा दुसरा भाग कोपनहेगनला निघाला, त्यात ही रेखाटनं ताम्रपट्टांवरून छापलेली आहेत. मुंबईतही हे काम लवकरच सुरू झालं. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी स्थापन झालेली लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी. तिच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या १८१९ च्या पहिल्या खंडात विल्यम अर्स्किन यांचा घारापुरीवरचा लेख आराखड्यासह आला, आणि १८२३ च्या तिसऱ्या खंडात कॅप्टन साइक्स यांचा वेरूळवरचा.

वेरूळच्या चित्रांमागे एक मराठी हात आहे. पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी १७९० च्या दशकात पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यांना लेणी रेखाटायला वेरूळला धाडलं. मॅलेट यांचा वेरूळवरचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला, त्याला जोडलेल्या चित्रांचा आधार गंगाराम यांची रेखाटनं आहेत. जेम्स वेल्स हे स्कॉटिश चित्रकारही वेरूळचं काम करत होते. ते १७९५ मध्ये वारले आणि त्यांची चित्रं थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये २४ मोठ्या फलकांच्या स्वतंत्र ग्रंथात काढली. गंगाराम यांची मूळ रेखाटनं आज अमेरिकेत न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. ज्या मराठी वाचकाला तिथवर जाता येत नाही, त्याला या चित्रकाराचं काम भेटतं ते छापील खंडांतल्या फलकांमधून. तो कागद फाटला तर इथल्या वाचकापुरता गंगारामही हरवला.

मराठवाड्याची देवळंही पुढे अशा ग्रंथांत आली. जेम्स बर्जेस यांचा बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांच्या पुरावशेषांवरचा अहवाल १८७८ चा, आणि औंढ्याच्या नागनाथ मंदिराची दखल घेणारा हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ चा. मंदिराचा तलविन्यास असो की लांबलचक ओळींच्या शिलालेखाचा ठसा, प्रमाण राखून छापायचं तर कागद मोठाच लागतो. मग घडी घालायची, नाहीतर चित्रांचा वेगळा खंड करायचा. एव्हरेस्ट यांनी १८४७ च्या ग्रंथात चित्रांना निराळा खंडच दिला. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांच्या अजिंठ्यावरच्या चार भागांतही मजकूर आणि चित्रं वेगळी ठेवली आहेत.

कागद कुठे हरतो

घडी म्हणजे कागदाच्या तंतूंवर एकाच रेषेत पुन्हापुन्हा येणारा ताण. अठराव्या शतकातला हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. त्याचे तंतू लांब, म्हणून तो शंभरदा दुमडला तरी टिकाव धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आला, त्यात तुरटी आणि राळेची खळ आली आणि कागदात आम्ल साठू लागलं. त्यामुळे पुष्कळदा उलटा प्रकार दिसतो: १७९९ चा फलक लवचीक असतो आणि १८९० चा नकाशा हात लावताच कडकन मोडतो.

मोडण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. उभी आणि आडवी घडी जिथे छेदतात तिथे आधी टाचणीएवढं भोक पडतं, मग त्याची चांदणी होते आणि शेवटी चारही बाजूंनी चीर जाते. दुसरी जागा पुस्तकाच्या कण्याजवळची. वाचक उजव्या हातानं कागद ओढतो, डाव्या हाताचा आधार देत नाही आणि सगळा ताण जोडाच्या त्या बोटभर पट्टीवर येतो. तिसरी जागा बाहेरची कड. उघडलेला कागद कोणीतरी घाईनं चुकीचा मिटतो, त्याची कड पुस्तकाबाहेर डोकावत राहते आणि धूळ, दमट हवा आणि कसर तिथूनच आत शिरतात. रंगवलेल्या चित्रांत तांब्याचा हिरवा रंग असेल, तर तो कागदाला आतून जाळत जातो. नदी किंवा झाडीच्या जागी आधी तपकिरी डाग आणि मग आरपार भोक दिसतं ते त्यामुळे.

घरात पैठणी ठेवणाऱ्या बाया तिची घडी मधूनमधून बदलतात, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाही. कागदाचं शास्त्र नेमकं याच्या उलट आहे. नवी घडी म्हणजे तुटायला नवी रेषा. चित्र बाइंडरनं पहिल्या दिवशी ज्या क्रमानं मिटलं, त्याच क्रमानं ते मिटलं पाहिजे.

चांगल्या बाइंडरची ओळखही या जोडातच पटते. तो चित्र थेट शिलाईत घेत नाही. आधी पानाच्या रुंदीचा कोरा कागद शिवतो आणि त्याच्या बाहेरच्या कडेला चित्र जोडतो. असं चित्र उघडलं की ते पूर्ण पुस्तकाबाहेर पसरतं. मग वाचक मजकुराची पानं उलटत राहतो आणि नकाशा शेजारी उघडाच राहतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतही ही सोय सापडते. पुनर्बांधणी करताना घाईनं काम उरकणारे ती पट्टी कापून टाकतात आणि चित्र कण्यात चिकटवून मोकळे होतात.

टेबलावरचं काम

असा फाटका नकाशा जतनतज्ज्ञाच्या टेबलावर येतो तेव्हा पहिलं काम पाहण्याचं असतं. छायाचित्रं घेतली जातात, चिरा मोजल्या जातात, आधीच्या दुरुस्त्या टिपल्या जातात. मग मऊ कुंचल्यानं धूळ काढायची, तीही मधून कडेकडे आणि चिरेच्या दिशेनं, म्हणजे तंतू उचकटत नाहीत. शाई आणि रंग पाण्याला टिकतात का, हे कापसाच्या बारीक टोकानं एका कोपऱ्यात तपासलं जातं. ते कळल्याशिवाय पाण्याचा थेंबही चालत नाही.

कडक झालेली घडी कोरडी उघडू नये. कागदाला आधी दमट हवा दिली जाते. पाण्याची वाफ जाऊ देणारं पण थेंब अडवणारं कापड मध्ये ठेवून ओल हळूहळू पोचवली की तंतू सैल होतात आणि घडी आपण होऊन पडते. मग टिपकागदांच्या मध्ये, हलक्या वजनाखाली कागद सपाट होऊ द्यायचा.

चीर सांधायची ती जपानी तुतीच्या सालीच्या पातळ कागदानं आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं. या कागदाची पट्टी कात्रीनं कापत नाहीत. ओल्या कुंचल्यानं रेघ ओढायची आणि हातानं अलगद वेगळी करायची. त्यामुळे कडेला लांब तंतूंची झालर राहते, ती मूळ कागदावर मिसळून जाते आणि पट्टीची कड बोटाला लागत नाही. कापलेली सरळ कड असेल तर पुढची मोड नेमकी तिथेच होते. पट्टी नेहमी मागच्या बाजूनं लावायची आणि घडीच्या रेषेवर शक्य तितकी पातळ, कारण तिला पुन्हा दुमडायचं आहे. खळ पाण्यानं सुटते. उद्याच्या तज्ज्ञाला आजचं काम उलगडता आलं पाहिजे, हा या व्यवसायाचा पाया आहे. घरातली पारदर्शक चिकटपट्टी म्हणूनच वर्ज्य: तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो.

आपल्याकडे याआधी वेगळ्या रीती वापरल्या गेल्या. दफ्तरखान्यांतले कागद रेशमी शिफॉन दोन्ही बाजूंनी लावून सावरले गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० च्या दशकात ‘गोयल पद्धत’ तयार झाली: कागदावर ॲसिटेटची पातळ फिल्म, तिच्यावर टिश्यू आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. ना यंत्र लागे, ना वीज. गरम दाबयंत्र घेणं ज्या कचेऱ्यांना परवडत नव्हतं, त्यांची या पद्धतीनं मोठी सोय झाली. कालांतरानं ॲसिटेटचे दोष कळले. ते स्वतःच विघटित होऊन आम्ल सोडतं आणि कागद जाड, ताठ होतो. सुट्या पत्राला हा ताठरपणा सोसतो. घडीच्या चित्राला तो सोसत नाही, कारण ताठ कागद दुमडला की मोडतो.

नकाशे कापडावर चढवण्याची जुनी रीत मात्र घडीचा विचार करूनच निघाली होती. नकाशाचे आयताकृती तुकडे करायचे, ते तागाच्या कापडावर मध्ये बारीक फट सोडून चिकटवायचे. घडी पडते ती फटीत, कापडावर, आणि कागद दुमडतच नाही. फौजेला आणि मोजणीदाराला घोड्यावरून नेण्यासाठी हे उत्तम होतं. दुर्मीळ नकाशासाठी आज कोणी तो कापणार नाही, पण अशा जुन्या प्रती ठणठणीत टिकलेल्या पाहिल्या की त्या कारागिरांची समज पटते.

कागद फारच ठिसूळ असेल तर तो पुस्तकात परत मिटून ठेवावा का, यावर ग्रंथपालांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, चित्र पुस्तकातून काढलं की पुस्तक अपुरं झालं. दुसरा म्हणतो, दर वेळी मिटताना झिजणारं चित्र शेवटी पुस्तकातही उरणार नाही. मधला मार्ग आता पुष्कळांनी मान्य केला आहे: चित्र सपाट करून आम्लरहित फोल्डरमध्ये किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवायचं, पुस्तकात त्या जागी चिठ्ठी लावायची आणि दोन्हींवर एकच दाखल क्रमांक घालायचा.

काचपेटीतला तोल

प्रदर्शनात ठेवायचं तर अडचण दुप्पट होते. उघडलेल्या पुस्तकाला त्याच्या कोनाप्रमाणे बनवलेली घोडी लागते, आणि बाहेर पसरलेल्या चित्राखाली त्याच उंचीवर पुठ्ठ्याचा सपाट आधार लागतो. आधार बोटभर खाली असेल तर महिनाभर सगळं वजन जोडाच्या पट्टीवर लटकतं. चित्र दाबून सपाट करायला वर काच ठेवणं वाईट. कडांना पॉलिस्टरच्या अरुंद पट्ट्या पुरतात. घडीचे उंचवटे थोडे दिसले तर दिसू द्यावेत.

उजेड ५० लक्सपर्यंत ठेवतात, म्हणजे प्रेक्षकाला आत आल्यावर डोळे सरावायला क्षणभर थांबावं लागतं. त्या उजेडातही रंगाचं नुकसान साचतच जातं, म्हणून काही महिन्यांनी चित्र मिटून विश्रांतीला पाठवतात आणि त्या जागी दुसरं मांडतात. मुंबईसारख्या हवेत बाहेरची आर्द्रता पावसाळ्यात नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. पेटीत ती पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी लागते, कारण रोजच्या चढउतारात कागद फुगतो, आकसतो आणि घडीवर ओढ बसते. मूळ चित्र अर्धं मिटलेलं ठेवून शेजारी पूर्ण उघडी प्रतिकृती मांडणं हा प्रामाणिक तोडगा आहे. प्रतिकृतीवर बोट ठेवून वडील मुलाला गाव दाखवू शकतात.

मोजलेलं पान

घडीच्या नकाशांना आणखी एक धोका आहे. ते सुटे विकले जातात. ८ जून २००५ रोजी येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात फरशीवर पडलेलं धारदार पातं एका ग्रंथपालाच्या नजरेस पडलं आणि त्यावरून फोर्ब्स स्मायली हा नामांकित नकाशा-व्यापारी पकडला गेला. वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं त्यानं कबूल केलं. त्यातले कितीतरी दुर्मीळ पुस्तकांतून कापलेले होते. आपल्याकडचं काय गेलं हे काही ग्रंथालयांना सांगणं जड गेलं, कारण पुस्तकात कोणते नकाशे होते याची नोंदच पुरी नव्हती.

तेव्हा उपाय महागड्या यंत्रापासून सुरू होत नाही. तो नोंदवहीपासून सुरू होतो. ग्रंथाच्या नोंदीत ‘सचित्र’ एवढं लिहून भागत नाही. घडीची चित्रं किती, कोणत्या पानासमोर, उघडल्यावर लांबी-रुंदी किती, अवस्था कशी, हे लिहायला हवं. मुंबईची एशियाटिक सोसायटी आपले दुर्मीळ ग्रंथ ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर आणते आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र कागदाचंही काम करतं. स्कॅन करताना घडीचं पान दोनदा टिपावं, मिटलेलं आणि पूर्ण उघडलेलं, शेजारी मोजपट्टी ठेवून. कागद कॅमेऱ्यात मावत नसेल तर त्याचे भाग घेऊन जोडावेत. वेळ अधिक लागतो, पण असं पान वगळून ग्रंथ ‘पूर्ण’ म्हणून चढवणं ही वाचकाची फसवणूक आहे.

हे सगळं मुंबई-पुण्याचं काम आहे असंही नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा या भागाचा तपशील परभणीच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आणि जनगणनेच्या जुन्या पुस्तिकांमध्ये आहे, आणि त्यांतले तालुक्यांचे नकाशे घडीचेच असतात. घरोघरच्या कुलवृत्तान्तांत वंशवृक्षाचा लांब कागद दुमडून घातलेला असतो. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ दिवाळी अंकाची खिडकीचित्रं हीदेखील कापलेली, दुमडलेली पानंच, आणि त्यांना हेच नियम लागू पडतात. ही पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात, वकिलाच्या फडताळात पडून आहेत. त्यांना कोणी दुर्मीळ म्हणत नाही, म्हणून ती आधी रद्दीत जातात.

शासकीय वर्गवारीतल्या सर्वांत लहान, ‘ड’ वर्गातल्या गावच्या वाचनालयालाही इतकं करता येईल. असं पुस्तक भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि खालच्या कप्प्यात ठेवू नये. आडवं ठेवावं. नकाशा पाहायचा तर पुस्तक मोठ्या टेबलावर ठेवून, हात धुऊन, दोन्ही हातांनी उघडावा आणि मूळ क्रमानं मिटावा. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नये. तुकडे कोऱ्या कागदात गुंडाळून त्याच पुस्तकापाशी ठेवावेत, सांधणारा पुढे भेटेल. आणि एकदा चांगल्या उजेडात, वरून सरळ धरून, उघड्या नकाशाचं मोबाइलवर छायाचित्र घ्यावं. जिल्हा ग्रंथालयांनी अशा छायाचित्रांची तालुकावार यादी करायला घेतली, तर मराठवाड्यातल्या घडीच्या नकाशांची पहिली मोजणी त्यातूनच होईल. जूनची दमट हवा सुरू होण्याआधी, कागद कोरडा असतानाच हे काम उरकावं.